नव्वद कड्या आणि चार बोटे

विनीताचे नामकरण झाले त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, मी तिच्या आजोबांना जमीनचोर ठरवले. मित्रांनो, मी जमीन मोजायची लोखंडी साखळी आहे. अंगात शंभर कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. अंगावरच्या गंजाची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या वर्षाची.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लोहारखान्यात झाला. केलर साहेब आणि त्यांच्या पत्नी क्लाराबाई १९३४ साली लखनौला आले, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेत होते. साहेब मोजणीचे काम करत. तिथल्या अमीनाबादच्या बाजारात दुकाने इतकी खेटून होती, की मला सरळ ताणायला दुकानदारांना बाकडी उचलावी लागत. लढाई लागली आणि इंग्रजांनी साहेबांना देहरादूनच्या छावणीत डांबले, तेव्हा क्लाराबाईंनी मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले. साहेब सुटले, पण मायदेशी गेले नाहीत. लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत त्यांनी लांब व्हरांड्याचा बंगला बांधला. आसपासचे कितीतरी प्लॉट माझ्याच कड्यांनी आखले. पुढे शेते आणि आंब्याच्या बागा जाऊन इंदिरा नगर उभे राहू लागले, तिथेही मी गेले. हद्दीचे भांडण झाले की लोक म्हणत, "केलर साहब की जंजीर बुलाओ. जर्मन चीज है, झूठ नहीं बोलेगी." ते ऐकून मी फुगत असे.

लोखंड झिजले की वस्तू लहान होते, असे तुम्हाला वाटत असेल. माझे उलट आहे. दोन कड्यांना जोडणारी वळी आतून झिजतात आणि मी लांब होत जाते. साहेबांना हे ठाऊक होते. बंगल्याच्या व्हरांड्यात, फरशीत त्यांनी दोन पितळी खिळे ठोकले होते, माझ्या खऱ्या लांबीइतके, बरोबर वीस मीटर अंतरावर. दर वर्षी दोन जानेवारीला क्लाराबाई माझे एक टोक खिळ्यावर दाबून बसत आणि साहेब दुसरे ताणत. लांबले असेन तर ठोकून मला पुन्हा मापात आणत. १९७६ साली क्लाराबाई गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवणे साहेबांच्याने झाले नाही. पाच वर्षे माझी तपासणी झाली नाही, आणि मोजण्या मात्र चालूच राहिल्या.

इंदिरा नगरात शामराव मेश्राम राहत. नागपूरचे, रेल्वेच्या कचेरीत कारकून. कचेरीची पेन्सिलसुद्धा घरी न आणणारा माणूस. स्वतः दोरी धरून त्यांनी घराचा पाया आखला होता. शेजारी माथुरबाबू घर बांधू लागले, तेव्हा शामरावांच्या स्वयंपाकघराची भिंत आपल्या हद्दीत आल्याची त्यांना शंका आली. "केलर साहेबांनाच बोलवू," असे शामराव स्वतःच म्हणाले.

माथुरबाबूंचा प्लॉट कागदावर नव्वद कड्यांचा होता. साहेबांनी मला रस्त्याकडून ताणले. नव्वदावी कडी शामरावांच्या भिंतीत चार बोटे शिरली.

सगळी गल्ली जमली होती. माथुरबाबू हसून म्हणाले, "वाह मेश्राम जी! इतने दिन हमारी जमीन पर रोटी सेंक रहे थे?"

शामरावांच्या पत्नी गयाबाई पुढे झाल्या. "अहो, काहीतरी बोला ना!"

"काय बोलू?" शामराव म्हणाले. "साखळी जर्मन आहे."

ती भिंत त्यांनी स्वतःच्या हातांनी पाडली. मजूर लावला नाही. गल्लीतली माणसे नंतर त्यांच्याकडे बघून कुजबुजत आणि ते मान खाली घालून कचेरीत जात. दीड वर्षाने ते आजारी पडले. शेवटच्या दिवसांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत, "गया, मी दोरी तीनदा धरली होती गं."

ते गेल्यावर गयाबाई एकट्याच महानगरात आल्या. साहेब व्हरांड्यात बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या,

"साहब, आपने सबको नापा. एक बार इसको भी नाप लीजिए."

साहेब म्हणाले, "दूसरा सिरा पकड़नेवाला कोई नहीं है, बहनजी."

"मैं हूँ ना."

गयाबाई क्लाराबाईंच्या जागी बसल्या आणि माझी मूठ खिळ्यावर दाबून धरली. साहेबांनी ताणले. माझे दुसरे टोक खिळ्यापलीकडे गेले. शंभर कड्यांना साडेचार बोटे, म्हणजे नव्वद कड्यांना चार. साहेब तिथेच फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी ते मला खांद्यावर टाकून इंदिरा नगरात आले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मेश्राम साहब की दीवार सही थी. गलत मैं था."

माथुरबाबू म्हणाले, "अरे साहब, चार अंगुल की क्या बात है!"

"चार अंगुल की ही बात थी, भैया," गयाबाई म्हणाल्या. "उसी पर दीवार गिरी."

भिंत मुलाने, विजयने, पुन्हा बांधली. साहेबांनी मला गयाबाईंच्या हवाली केले आणि मोजायची नवी फीत घेऊन ते १९७६ नंतर मोजलेली घरे एकामागून एक पुन्हा मोजत फिरू लागले. सगळी घरे काही पुरी झाली नाहीत. १९८६ च्या मार्चमध्ये ते वारले.

गयाबाईंनी मला अंगणात टांगले. "आता कपडे मोज," म्हणाल्या. माझ्यावर विजयच्या मुलीचे, विनीताचे फ्रॉक वाळले. माझ्याच खाली बसून, साठीला टेकलेल्या गयाबाई नातीकडून अक्षरे शिकल्या. "आजी, पेन्सिल सीधी पकड़ो," ती दटावायची. त्यांच्याबरोबर मीही शिकले. गयाबाईंनी पाटीवर पहिले नाव लिहिले ते शामरावांचे. ते मी वाचले.

मित्रांनो, ज्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याला आधी तपासत जा. आणि वेळेवर तपासा. मला तपासले ते २ जानेवारी १९८३ रोजी. शामराव मेश्राम वारले ९ नोव्हेंबर १९८२ रोजी.