दरवर्षीची माफी

केवलचंदकाका डास मारत नसे. पंखा लावण्याआधी स्टुलावर चढून पात्यांवर कोळी आहे का, ते बघायचा. माझी बहीण सिद्धी दहा वर्षांची असताना, मंचरच्या पेठेतल्या त्याच्या गुळाच्या गोदामात, तिच्या बाबतीत मात्र त्याने एवढी काळजी घेतली नाही. ते साल त्र्याण्णव. तेव्हापासून सिद्धी गूळ खात नाही. दातांची फार काळजी घेते पोरगी, असं घरात तिचं कौतुक व्हायचं.

तिला हे तोंडातून काढायला खूप वर्षं लागली. केस उभी राहिली, दोन हजार सहा साली काका दोषी ठरला. आता शिक्षा किती, एवढंच राहिलं होतं. कायद्याने किमान दहा वर्षं. खास कारण असेल तर कमी. आणि सुनावणी आली नेमकी संवत्सरीनंतर. आम्हा जैनांत त्या दिवशी सगळे सगळ्यांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी.

कोर्टाच्या व्हरांड्यात माझी आजी पानबाई, म्हणजे काकाची आई, सिद्धीच्या मागेच लागली होती. "एवढं माफ केलं म्हण गं. या वयात तो जेलातलं कांदा-लसणाचं कसं खाईल?"

काकाच्या दुकानातला हमाल गेणभाऊ म्हणाला, "शेठ लई साधं, राव. कधी मुंगीवर पाय दिला न्हाई."

"मुंगीनं कुठं केस केलीय, भाऊ?" मी म्हणालो.

आत काकाचा वकील उभा राहिला. "साहेब, माझ्या अशिलाने दरवर्षी घरी जाऊन हिची माफी मागितली आहे. हिनेही हात जोडलेत. विषय घरात मिटलेला आहे."

खोटं नव्हतं. काका दरवर्षी यायचा. आजी सिद्धीला पुढे ढकलायची. तो हात जोडायचा, मग तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि त्याच हाताने आम्हाला पेढे वाटायचा. मी ते मागून मागून खाल्लेत.

जजसाहेबांनी सिद्धीकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"हो, साहेब. मीही दरवर्षी यांची माफी मागितली," सिद्धी म्हणाली. "कशाची, ते अजून कळलं नाही."

साहेब काकाकडे वळले. "आणि तुम्ही कशाची मागत होता?"

"कळत-नकळत काही..."

"नाव घेऊन सांग, केवल." मागच्या बाकावरून आजी उठली होती. "मुनीमहाराजांसमोर आपलं पाप सांगतोस ना? तसं सांग."

शिपाई तिला बसवायला धावला. कठड्यावर एक मुंगी चालली होती. तिला वाट मिळावी म्हणून काकाने हात उचलून घेतला.

खास कारण काही दिसत नाही, म्हणत साहेबांनी दहा वर्षं दिली.

पोलीस न्यायला आले तेव्हा काकाने सवयीने सगळ्यांना हात जोडले. साहेबांना, वकिलाला, पोलिसाला आणि शेवटी सिद्धीला. सवयीने सिद्धीचेही हात वर यायला लागले.

आजीने ते धरले आणि खाली नेले.