अण्णांच्या पाण्याची पाळी

सुंदरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कवठे महांकाळच्या मळ्यातनं वडिलांचा, अण्णांचा फोन आला होता, आजपण पाणी न्हाई. त्यांना आलेल्या मेसेजात आजचीच तारीख होती, पण पाणी सोडणाऱ्या गड्याच्या मोबाईलवर पाळी पुढच्या आठवड्यात दिसत होती. लागोपाठ दुसऱ्यांदा. द्राक्षाचे मणी फुगायचे दिवस आणि बाग कोरडी ठणठणीत.

पाणी संस्थेचं हे सॉफ्टवेअर बनलं होतं सांगलीत, सुंदरीच्याच ऑफिसात. मालक विश्वजितला हुशारी मिरवायची भारी हौस. शेतकऱ्याची पुढची पाळी काढणारी मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, त्यानं थेट मेसेजच्या वाक्यातच, महिरपी कंसात कॉल केली होती. वाक्य तयार झालं की मेथड चालणार, आणि ती बया नुसती तारीख सांगत नव्हती, पाळी पुढं ढकलून तशी नोंदही करत होती. तारीख आधी एकदाच काढून ठेवा, वाक्यात फक्त छापा, असं सुंदरीनं तेव्हाच बजावलं होतं. एका ओळीत होतंय ते चार ओळींत कशाला, म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

त्यात आल्या-गेल्याला मेसेजचा नमुना दाखवताना हा नाव घ्यायचा ते बाळगोंडा पाटलांचं. आमच्या सुंदरीचे वडील, म्हणे! दर नमुन्याला अण्णांची पाळी पुढं. जळलं मेलं ते कौतुक.

तिनं त्याला सगळं उलगडून सांगितलं. तो म्हणाला, बघू पुढच्या महिन्यात. चालू सॉफ्टवेअरला हात लावायची मुभा त्याला एकट्यालाच होती. नमुन्यातलं नाव मात्र कुणीही बदलू शकत होतं.

दुपारी पाहुणे आले. सुंदरीनं विश्वजितच्या वडिलांचं, लालासाहेबांचं नाव निवडून लॅपटॉप पुढं सरकवला. त्यांचा ऊस त्याच कालव्यावर. विश्वजित खूश झाला आणि नमुन्याचं बटण दाबतच सुटला.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांचं पाणी चुकलं. त्यांनी फोनवर पोराची अशी खरडपट्टी काढली की सगळ्या ऑफिसला ऐकू गेली. चहा गार व्हायच्या आत विश्वजितनं ती ओळ दुरुस्त केली, सगळ्यांच्या पाळ्या जागेवर आणल्या आणि सुंदरीवर डाफरला, "एवढी मोठी चूक, आधी सांगता येत नव्हतं?"

सुंदरीनं पर्स उचलली. "सांगितलं होतं. तवा बाग माझ्या अण्णांची होती."

त्या संध्याकाळी अण्णांच्या बागेला पाणी मिळालं. निम्मे घड तोवर सुकून गेले होते.