राजाभाऊंच्या स्टुडिओतला पाठ नसलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे. निदान पुढून तरी. मागून मी काय आहे ते मलाच नीट सांगता येत नाही, कारण मला पाठच नाही. मानेपासून खालच्या काठापर्यंत मी सरळ कापलेला आहे आणि दोन्ही कडांना पांढऱ्या नाडीचे बंद लावले आहेत. मित्रांनो, तुम्ही हसाल. पण एके काळी अर्ध्या तालुक्याने मला अंगात घातले आहे आणि माझी पाठ एकाही फोटोत दिसलेली नाही.

माझा जन्म १९२१ सालचा. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका शिंप्याने मला एका वकिलांसाठी शिवले. वकिलांनी मला एकदाच घातले, आरशात पाहिले आणि बाह्या आखूड झाल्या म्हणून परत पाठवले. तिथून मला राजाभाऊंनी आणले. त्यांचा फोटोंचा स्टुडिओ होता. मला वाटले, चला, आता आपण राजाभाऊंचे. त्यांनी मला टेबलावर पालथे घातले आणि कात्री घेतली. आता हा कुणालाही बसेल, असे ते बायकोला म्हणाले. तेव्हापासून मी नक्की कुणाचा, हा घोळ माझ्या डोक्यात आहे, आणि मला तर डोकेही नाही.

वरच्या अंगाच्या गावांतून माणसे यायची. मुंबईला चाकरीला निघालेला मुलगा, नुकतेच लग्न झालेला नवरा, पेन्शनीत निघालेला शिपाई. राजाभाऊ त्यांना मला चढवायचे, मागे बंद बांधायचे, हनुवटी दोन बोटांनी वर करायचे आणि काळ्या फडक्याखाली शिरायचे. श्वास धरा म्हटले की समोरचा माणूस लाकडाचा होऊन जाई. मला मात्र आतून त्याचे काळीज धडधडताना ऐकू येई. फोटो हातात आला की लोक आधी मला बघत आणि मग स्वतःला. साहेब दिसतोस रे, असे कुणी म्हटले की मीच फुगायचो.

रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात लावायला राजाभाऊंना चांगले चेहरे लागत. त्यासाठी ते बाजारात, मिरकरवाड्यात, बंदरावर हिंडत आणि आवडलेल्या माणसाला थांबवून बसतोस का म्हणून विचारत. फार थोडे हो म्हणत. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी समजूत होती. राजाभाऊ हसून सांगायचे की मग मी कधीच मेलो असतो. तरी लोक पाय काढता घेत.

१९२८ सालच्या दिवाळीनंतर सगुणा नावाची बाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. तिचा एकुलता मुलगा महिपत मुंबईच्या गिरणीत होता, तो तापाने तिकडेच गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. तिला त्याचा फोटो हवा होता. गेलेल्या माणसाचा फोटो काढता येत नाही, हे राजाभाऊंनी तिला दोनदा समजावले. ती उठली नाही.

तेव्हा फोटोवाल्यांमध्ये एक रीत होती. गेलेल्यासारखा दिसणारा भाऊ किंवा पुतण्या बसवायचा, त्याचा फोटो काढायचा आणि कुंचल्याने खाणाखुणा भरायच्या. पण महिपतला भाऊ नव्हता. राजाभाऊंनी मुलगा कसा दिसायचा ते विचारले. ती म्हणाली, नाक आज्यासारखे. मग म्हणाली, नाही, माझ्यासारखे. डोळे घारे होते म्हणाली, आणि घटकाभराने काळे म्हणाली. शेवटी तिच्याच लक्षात आले की आपल्याला नक्की आठवत नाही, आणि ती जी रडली ती मला अजून विसरता येत नाही. हनुवटीवर डावीकडे तीळ होता, एवढेच ती खात्रीने सांगू शकली.

मग तीन दिवस राजाभाऊ तिला बरोबर घेऊन माणूस शोधत फिरले. राजाभाऊ नंतर सांगत की तिसऱ्या दिवशी दोघे बंदरावर उभे होते. मुंबईची आगबोट लांब थांबलेली आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, किनाऱ्याला येत होते. एक खलाशी कमरेभर पाण्यात उतरून एका म्हातारीला उचलून वाळूवर ठेवत होता. त्याची पाठ इकडे होती. सगुणाने त्याच्याकडे बोट केले. चेहरा बघितलाही नव्हता. तो काशीराम.

त्याला स्टुडिओत आणले. चेहरा काही महिपतसारखा नाही, असे सगुणाच म्हणाली, पण हाच पाहिजे असेही म्हणाली. राजाभाऊ गोंधळले. मी नाही गोंधळलो, कारण मला माणसे खांद्यांवरून कळतात, आणि तिला तिचा मुलगा त्या पाठीत दिसला होता. इतके रुंद, थोडेसे पुढे झुकलेले खांदे माझ्यात कधी आले नव्हते. मागचे बंद पोचेनात. राजाभाऊंनी नुसत्या टाचण्या लावल्या.

"ह्या फोटोला हार घालतील ना?" काशीरामने विचारले.

राजाभाऊंनी खोटे सांगितले नाही. हो म्हणाले. जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे काय, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते. काशीरामने सगुणाकडे पाहिले.

"घालू दे," तो म्हणाला. "पन मना माजा येगळा फोटो पायजे. माज्या बायलीसंगती."

राजाभाऊंनी शब्द दिला. मग फोटो निघाला. राजाभाऊंनी त्यावर शाईने हनुवटीच्या डावीकडे तीळ काढला, आणि सगुणा आपला महिपत पदरात गुंडाळून गावाला गेली.

मित्रांनो, माझा गोंधळ इथून वाढला. फोटोत खांदे काशीरामचे, तीळ महिपतचा आणि कोट माझा, म्हणजे राजाभाऊंचा, म्हणजे खरे तर वकिलांचा. मग फोटो कुणाचा?

काशीराम त्यानंतर दोनदा आला. पहिल्यांदा, ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचा मुंबईहून आल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा एका बागायतदारांचे सगळे घर फोटोला बसले होते, तेव्हा पाऊस सरला की ये असे राजाभाऊंनी सांगितले. राजाभाऊ वाईट नव्हते. त्यांना वाटले, हा गावातलाच माणूस, कुठे जातो आहे? बागायतदारांच्या मुलाने मला घातले होते. दारातून परत फिरणारे ते खांदे मी त्याच्या अंगावरून पाहिले.

चार वर्षांनी, मोसम संपता संपता वादळात पडाव उलटला. काशीराम गेला.

तेराव्यानंतर त्याची बायको मथुरा स्टुडिओत आली. आपण कुणाच्या तरी मुलाच्या जागी बसलो होतो, हे काशीरामने तिला कधी तरी हसत सांगितले होते. तिला तो फोटो हवा होता. तिच्याकडेही दुसरा नव्हता. राजाभाऊंनी कपाट उघडले आणि तसेच उभे राहिले. जुन्या काचा गरम पाण्याने धुऊन फ्रेमला वापरायची त्यांची सवय. काशीरामची काच केव्हाच धुतली गेली होती आणि आता कुणाच्या तरी देवाच्या तसबिरीवर बसली होती. त्या माणसाचा जगात एकच फोटो उरला होता आणि तो महिपतचा होता.

राजाभाऊंनी सगुणाला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी ती फ्रेम घोंगडीत गुंडाळून चालत आली. वाळलेला हार तसाच फ्रेमवर होता. मी खुंटीवर होतो आणि दोघी माझ्याच खाली उभ्या होत्या. मथुराने फोटो पाहिला, हार पाहिला आणि ती ताडकन बोलली.

"तुमच्या ह्या हारानं माजा घोव खाल्ला."

सगुणाने हार काढून बाजूला ठेवला. मला वाटले ती फ्रेम उचलून निघून जाणार. तिचे चुकले होते की नव्हते, मला आजही ठरवता येत नाही.

"आसंल," ती शेवटी म्हणाली. "चार वर्सं हार घातला गो मी. पन रोज सांजचा दिवाबी लावलाय. नाव लेकाचं घेतलं, तरी उजेड तुज्या घोवाच्याच तोंडाव पडला. हार जर तेला पोचला, तर दिवाबी पोचलाच आसंल ना?"

मथुरा खाली बसली. थोड्या वेळाने तिने सगुणाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो रागाने ठेवला की आधाराला, हे मला खुंटीवरून कळले नाही.

राजाभाऊंनी फ्रेम भिंतीला टेकवली आणि फोटोचाच फोटो काढला. नव्या काचेवर पेन्सिल फिरवून तीळ बुजवला. ते करताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मथुराचा फोटो तयार झाल्यावर दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवले. तीळ सोडला तर तसूभर फरक नव्हता. सगुणा दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मागं नाव लिवा," मथुरा म्हणाली. "मंजे परत कुनाचा घोटाळा व्हायला नको."

राजाभाऊंनी तिच्या फोटोमागे काशीरामचे नाव लिहिले. मग सगुणाचा फोटो उलटा केला आणि महिपत असे लिहून लेखणी उचलली.

"थांबा," सगुणा म्हणाली. "काशीरामबी लिवा."

त्या दिवसानंतर राजाभाऊ कुणालाही पुन्हा ये असे म्हणाले नाहीत. काच असेल तर माणसाला लगेच बसवायचे. एकही काच त्यांनी पुन्हा धुतली नाही. हळूहळू लोकांकडे स्वतःचे कोट आले आणि मी मागे पडलो. आता १९३९ साल आहे. मी पेटीत आहे, माझे अस्तर कसरीने खाल्ले आहे आणि चार बंदांपैकी दोनच उरले आहेत. त्या टाचण्यांची भोके मात्र अजून आहेत. मी कुणाचा, हा घोळ काही सुटला नाही. पण कुणी विचारलेच, तर मी काशीरामचा असे म्हणावे असे अलीकडे वाटते. त्याला मी पुरलो नाही, आणि तरीही त्याने मला घातले.

मित्रांनो, माझे एक ऐका. मला ऊन दाखवा किंवा दाखवू नका. पण आज घरी गेलात की भिंतीवरचे फोटो उतरवून मागे बघा. नाव नसेल तर ओळखणारे माणूस आहे तोवर विचारून लिहा. आणि ज्याचा फोटो काढायचा राहिला आहे, त्याला पाऊस सरला की ये असे सांगू नका.