खडवलीच्या विहिरीतला दगड

नौपाड्यातल्या आसावरी गद्रे मॅडमना कॉलेजातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण विद्यार्थ्याच्या चुका काढायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती. फक्त विद्यार्थी एकच उरला होता, आणि तो पंचावन्न वर्षांचा होता. उत्तम शेलार, राहणार डोंबिवली, आता स्वतःच भूशास्त्राचा प्राध्यापक.

दोघांमध्ये वाद होता तीन लाख वर्षांचा. खडवलीजवळच्या एका विहिरीत जुन्या लाव्ह्याचे थर स्वच्छ दिसत. वर काळा दगड, मधे वीतभर लाल मातीचा पट्टा, खाली पुन्हा काळा दगड. त्या खालच्या दगडाचं वय मॅडमनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यातला अरगॉन वायू मोजून काढलं होतं, सहा कोटी साठ लाख वर्षं. त्यावर त्यांचं नाव झालं. पुढे उत्तमने लाल पट्ट्यातून झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचले, आणि पट्ट्याचं वय निघालं सहा कोटी त्रेसष्ट लाख. म्हणजे वरचा थर खालच्यापेक्षा जुना! आजोबांच्या आधी नातू जन्मला म्हणण्यासारखंच ते.

"तुझे कण मुळात जुने असणार," मॅडम म्हणत. "लाव्ह्याच्या पोटात लाखो वर्षं पडून होते, मग बाहेर आले."

"तुमच्या दगडातला अरगॉन निसटलाय, मॅडम. विहिरीतला दगड, पाण्याने सडलेला. म्हणून तो तरुण दिसतो."

नऊ वर्षं हेच चाललेलं. दिवाळीला मॅडम न चुकता फराळाचा डबा पाठवत, आणि डब्यात चिठ्ठी असे: "चकल्या यंदाच्याच आहेत. शंका असल्यास मोजून घ्यावं."

या मे महिन्यात विहिरीचे मालक काळुराम यांचा मॅडमना फोन आला. "बाय, इहिरीचा गाल काढतंव. पानी सगला उपसलाय. बघाचा तर या."

गाळ काढायला विहीर कोरडी केली म्हणजे खालचा दगड पुन्हा फोडून आणता येणार होता; मॅडमनी लगेच उत्तमला सांगितलं. तो गाडी घेऊन नौपाड्यात हजर झाला, आणि कल्याण मागे पडेपर्यंत दोघांनी एकमेकांना सडका दगड आणि म्हातारे कण ऐकवून घेतले.

काळुराम आता साठीचे होते. पांढरा सदरा, गळ्यात चेन, विहिरीला लोखंडी शिडी लावून वाट पाहत उभे. त्यांच्या पत्नी सरोज ताकाचे पेले घेऊन आल्या. उत्तम हातोडा कमरेला खोचून शिडीने उतरू लागला तसं मॅडमनी वरून सांगितलं, "नीट खाली जा हं. लाल पट्ट्याच्या खाली. तेव्हा मला उतरता येईना, तर काळुराम दोर धरून गेले आणि त्यांनी बरोबर खालचा दगड आणून दिला."

सरोजबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांना हसू आवरेना.

"काय झालं हो?" मॅडमनी विचारलं.

"काय नाय, बाय," काळुराम घाईने म्हणाले. "ती अशीच हसते. तू आत जा गो, सरोज."

"आता तरी सांगा की!" सरोजबाई म्हणाल्या. "बाय, तवा खाली जनावर बसलेला. मोठा, काला. यांनी त्याला बघला नि तिथूनच माघारी फिरले. लाल मातीच्या वरचाच दगड फोरला नि तुमच्या हातात दिला. आमच्या घरात दर शिमग्याला ही गोष्ट निघते."

विहिरीतून उत्तमचं हसणं घुमत वर आलं. मॅडमनी मात्र ताकाचा पेला काठावर ठेवून दिला. अठ्ठावीस वर्षं! तीन परिषदा, एक पदक, आणि सगळं एका सापाच्या कृपेने.

"मना काय म्हायत," काळुराम मान खाली घालून म्हणाले. "दगड तो दगड. वरचा काय नि खालचा काय."

मॅडमनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांच्या डोक्यात हिशोब उलटा फिरला. वरचा दगड. म्हणजे लाल पट्ट्यानंतरचा. म्हणजे तो तीन लाख वर्षांनी तरुण असायलाच हवा!

"उत्तम!" त्या काठावरून ओरडल्या. "अरे, माझा अरगॉन कुठेही गेलेला नाही!"

खालून आवाज आला, "आणि माझे कणही म्हातारे नाहीत, मॅडम."

"ते मी अजून मान्य केलेलं नाही. वरचाही फोड आणि खालचाही फोड. पिशव्यांवर खुणा कर. आणि जनावर दिसलं तरी जागचा हलू नकोस."

दगड तपासायला गेले. सात महिन्यांनी आकडे आले. वरचा सहा कोटी साठ लाख, खालचा सहा कोटी चौसष्ट लाख, मधला पट्टा बरोबर मधे. नऊ वर्षं दोघांचेही आकडे बरोबर होते आणि दोघांनी एकमेकांना चूक ठरवण्यात एवढी हुशारी खर्च केली होती.

दुरुस्तीचं टिपण दोघांनी मिळून लिहायचं ठरलं. उत्तमने मसुद्यात लिहिलं, "क्षेत्रीय अडचणींमुळे नमुन्याच्या जागेची नोंद चुकली."

मॅडमनी ते खोडलं. "अडचण कसली? जागा मी स्वतः पाहिली नाही. दुसऱ्याच्या शब्दावर नोंद केली. तसंच लिही."

"मॅडम, तुमच्या नावाला..."

"माझ्या नावाचं वय मी पाहून घेईन. लिही."

उत्तमने लिहिलं. या नऊ वर्षांत मॅडमचं एखादं वाक्य त्याने वाद न घालता उतरवून घेतलं, ते हे पहिलंच.