समासातलंसुद्धा वाचा

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातला रेकॉर्डर बोलतोय. आजवर मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं सांभाळलं, मध्ये कधी तोंड घातलं नाही. आज घालतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही आणि आठवण्यासारखं काही असेल असं वाटतही नाही. कळायला लागलं ते तळमजल्यावरच्या एका छोट्या खोलीत. दारावर पाटी होती, ‘दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिमुद्रण कक्ष’. ज्यांच्यासाठी खोली, त्यांनाच ती पाटी वाचता येत नव्हती. बाकीच्यांना फार आवडायची.

पहिली तीन वर्षं मी कपाटात काढली. वापरलं तर बिघडेल, असं सगळ्यांचं मत होतं. तपासणीला पाहुणे आले की मला बाहेर काढून पुसत. पाहुणे ‘वा’ म्हणत आणि मी पुन्हा आत.

मग एक दिवस कायद्याच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी पांढरी काठी टेकत आली. तिला पुरावा कायद्याचं पुस्तक हवं होतं. ग्रंथालयात त्याची एकच प्रत, तीही जुनी आणि फिकट छपाईची. संगणकाला वाचायला दिली तर त्याने तिसऱ्याच ओळीला हात टेकले. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

ग्रंथपाल मॅडमनी मला कपाटातून काढलं. आता वाचणारा माणूस हवा. आधी एक प्राध्यापक आले. ते वाचण्यापेक्षा समजावतच जास्त बसले, दोन तासांत दीड पान झालं. मग पुस्तकबांधणीतले काका आले. हातांना खळीचा वास, पण आवाज खणखणीत. मॅडमनी त्यांना स्वतः लिहिलेला नियमांचा कागद दिला. त्यावर होतं, ‘पानावर जे आहे ते सगळं वाचावं, पदरचं काही घालू नये.’

काकांनी नियम तंतोतंत पाळला. ग्रंथालयाचे शिक्के वाचले. चाळिसाव्या पानावर म्हणाले, “इथे चहाचा डाग आहे, खालचा शब्द गेला.” डाग पानावरच होता, तेव्हा तो नियमात बसतो, असं माझंही मत आहे. आणि एकशे बाराव्या पानावर, ऐकीव पुराव्याच्या प्रकरणात, समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलंही त्यांनी त्याच सुरात वाचलं. “हे पक्कं विचारतात. पाठ करा.”

मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. ती एकदम ताठ झाली.

“काका, हे पुस्तकात लिहिलंय?”

“कडेला लिहिलंय. कुणी ते काय माहीत. अक्षर बरं आहे.”

“वर्गात सगळे एकमेकांना ‘एकशे बारा, एकशे बारा’ म्हणत असतात. मला वाटायचं, बसचा नंबर आहे.”

तेव्हापासून काका समास आधी वाचू लागले. ‘इथे झोप येते.’ ‘सर हे चुकीचं शिकवतात.’ मी सगळं टिपून घेतलं.

आठवड्याने मॅडमनी तपासायला म्हणून थोडं ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. “काका, पुस्तकावर लिहिणं हा गुन्हा आहे आणि तुम्ही तो मोठ्याने वाचताय? पुसून टाका ते सगळं.”

माझ्यातलं पुसायला एक बटण दाबावं लागतं. काकांचं बोट त्यावर येऊन थांबलं. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो.

मुलगी म्हणाली, “मॅडम, पुस्तकातलंही पुसणार का?”

“ते कसं पुसणार? कागद जुना आहे, रबराने फाटेल.”

“म्हणजे बाकीच्यांना दिसत राहणार. मग माझंच तेवढं का पुसायचं?”

मॅडमनी आपलाच नियमांचा कागद मागवला आणि दोनदा वाचला. मग नोंदवही उघडून त्यांनी लेखकाच्या नावापुढे लिहिलं, ‘शिवाय एक अज्ञात विद्यार्थी, पेन्सिलीने.’ काकांनी बोट काढून घेतलं.

पुस्तक परीक्षेच्या चार दिवस आधी संपलं, तोवर काकांचा घसा पार बसला होता. एकशे बारावं पान मुलीने इतक्या वेळा ऐकलं की ते मलाही पाठ झालं.

पेपर झाला त्या दुपारी ती जवळजवळ धावतच आली.

“काका, ऐकीव पुराव्यावर एक शब्द विचारला नाही!”

काकांचा चेहरा पडला. “अरेरे. मी उगाच वाचलं ते.”

“अहो, सगळा वर्ग फसला! जिन्यावर बसून सगळे त्या पेन्सिलवाल्याला शिव्या घालत होते. मीपण घातल्या, पोटभर!” आणि ती हसत सुटली. वर्गाबरोबर फसायची तिची ही पहिलीच वेळ होती. मला फार बरं वाटलं. पुढे ती पास झाली, कारण बाकीचं पुस्तकही तिने ऐकलं होतं.

आता माझं वय झालंय. बटण दोनदा दाबल्याशिवाय मी ऐकत नाही. पण कपाटात परत गेलो नाही. माझी एकच विनंती आहे. पुस्तकांवर लिहू नका, असं मॅडम सांगतात, ते बरोबरच आहे. तरी लिहिणारच असाल, तर चुकीचं लिहिलंत तरी चालेल, अक्षर मात्र मोठं काढा. काकांना आता चष्म्यातूनही धड दिसत नाही.