टोपीवाल्याने घातलेली टोपी

मी बोलतोय, पण आधी तुमच्या अंगात काय आहे ते सांगा. जाड आहे म्हणता? असेल. जाड कपड्यांचा मला फार वाईट अनुभव आहे.

मी लोकरीचा स्वेटर. जन्मापासून माझा कोणावर विश्वास नाही. ज्या मेंढीच्या अंगावर मी वाढलो, तिला आधी गोंजारलं आणि मग भादरलं, हे मी अजून विसरलेलो नाही. पुढे माझी लोकर कातली गेली आणि एका लाइनमनच्या थोरल्या बहिणीने मला विणलं. विणताना ती टाक्यांकडे कमी आणि शेजारणीकडे जास्त बघायची, म्हणून माझी डावी बाही लांब झाली. "मुद्दामच ठेवलीय, हात झाकायला," असं ती म्हणते. मला नाही पटत.

लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढून तारा दुरुस्त करणारा माणूस. आमच्याकडे थंडी आणि पाऊस जोडीने येतात आणि तारा नेमक्या तेव्हाच तुटतात. वर चढल्यावर बोटं आखडली की माणूस संपला. त्याचं अंग गरम ठेवायचं काम मी मुकाट्याने करत होतो. पण मी टोचतो. रोज घरी आला की मान खाजवत तो म्हणायचा, "ताईनं स्वेटर विणलाय की काथ्याची चटई?"

हे त्याच्या बायकोने मनावर घेतलं. एक दिवस ती पिशवी घेऊन आली आणि त्यातून टोपीवाला स्वेटशर्ट बाहेर पडला. गुबगुबीत, मऊ, पाठीवर लोंबती टोपी.

"हात तर लावून बघा," ती कौतुकाने म्हणाली. "दुकानदार म्हणाला, एकदम गरम कपडा आहे."

गरम कपडा! या दोन शब्दांनी माझं डोकंच फिरतं. कपडा कधी गरम असतो का हो? चूल गरम असते, माणूस गरम असतो. कपड्याने फक्त ती ऊब पळू द्यायची नसते. पण लोक दुकानात जातात, कापड चिमटीत धरतात, गालाला लावतात आणि ठरवून टाकतात, गरम आहे म्हणून. भिजल्यावर काय होईल, हे कोणी विचारत नाही.

मी विचारलं. "काय रे, कशाचा तू?"

"सुती. अस्सल सुती," टोपीवाला फुशारकीने म्हणाला.

"आणि भिजलास तर?"

"भिजायचंच कशाला?"

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण स्वेटरचं कोण ऐकतंय? त्याला खुंटी मिळाली आणि मला खिडकीची फट. गार वारा येऊ नये म्हणून मला तिथे कोंबलं. बाहेरून माझ्यात पाऊस झिरपायचा आणि आतून मी घरावर नजर ठेवायचो.

मग तो दिवस आला. सकाळपासून रिपरिप चालू होती. संध्याकाळी दारावर थापा पडल्या. "वहिनी, लवकर उघडा!" लाइनमनचा जोडीदार, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो लाइनमनला खांद्याला धरून आत घेऊन आला.

"रेनकोट गळत होता याचा. वर चढला आणि थोड्या वेळाने बोलेनाच. हातातून पाना सुटला, तो माझ्या पायाशी पडला. मी वर जाऊन दोराने उतरवला याला." एवढं बोलून पैलवान डॉक्टरांना आणायला धावला.

टोपीवाला पाणी पिऊन मांड्यांपर्यंत लोंबत होता. लाइनमनचे ओठ निळे पडले होते आणि जीभ लटपटत होती. बायकोने त्याचे सगळे ओले कपडे उतरवले, अंग पुसलं, घरातली होती नव्हती ती पांघरुणं त्याच्यावर घातली. डॉक्टर आले, तपासलं, आता धोका नाही म्हणाले. "पण अजून थोडा वेळ वर राहिला असता तर..." एवढंच बोलून त्यांनी पिशवी आवरली.

ती त्याच्या उशाशी बसून होती. त्याला सावरताना तीही भिजली होती आणि कुडकुडत होती. पांघरूण एकही उरलं नव्हतं. न बघताच तिने मला फटीतून ओढलं आणि अंगात घातलं. जरा वेळाने तिची कुडकुड थांबली. तिने माझी बाही दाबली, तर पाणी टपकलं.

"अगंबाई! हा तर ओला आहे!"

दुसऱ्या दिवशी तिने टोपीवाल्याची एक बाही आणि माझी एक बाही बादलीत बुडवली, पिळली, दोन्हींत एकेक हात घातला आणि उघड्या खिडकीत जाऊन बसली.

"अगं, काय चाललंय?" तो अंथरुणातून म्हणाला.

"थांबा हो. बोलू नका."

बऱ्याच वेळाने तिने दोन्ही हात बाहेर काढले. टोपीवाल्यातल्या हातावर काटा आला होता, माझ्यातला हात मात्र अजून कोमट होता.

"टोपीवाल्याने टोपी घातली की आपल्याला!" तो हसला. ती मात्र रडायला लागली. "आणला कोणी? मीच ना? मीच पाठवलं तुम्हाला त्यात."

"मऊ म्हणून आणलास गं. कुरकुर तर मीच करत होतो."

आता पावसाळी दिवसांत आम्ही तिघं जातो. आत घाम धरून न ठेवणारा पातळ बनियन, त्यावर मी, वर नवा रेनकोट. बनियनमुळे मी टोचत नाही म्हणे. तो गुळगुळीत आहे आणि गुळगुळीत लोकांवर माझा भरवसा नाही. रेनकोट सारखा कुजबुजत असतो, त्याच्याही मनात काय आहे कोण जाणे. पण कामाला चोख आहेत. टोपीवाला कोरड्या दिवशी घरात वापरतात. तिथे तो बरा आहे, एवढं मी मान्य करतो.

तो घरी आला की बूट काढायच्या आधीच ती माझ्याखाली हात घालून त्याच्या छातीला लावते. काल तो वैतागला. "अगं, रोज काय बघायचं त्यात? गरम आहे मी."

"असू दे. बघू दे मला," ती म्हणाली आणि तिने हात काढला नाही.

तिचा माझ्यावर विश्वास नाही. म्हणूनच या घरात मला ती सगळ्यांत जास्त आवडते. तुम्हीही माझ्या शब्दावर जाऊ नका. घरातलं माणूस गार पावसात पाठवायच्या आधी त्याचा कपडा ओला करा, त्यात आपला हात घाला आणि थोडा वेळ बसून राहा.