कोंबड्यांच्या बाजूचं एक मत

देशाची दारं परदेशी कंपन्यांना उघडली आणि तारनाक्याच्या हिम्मतरावांनी कोंबड्यांची दारं लावली. कॉलनीला मागच्या मोकळ्या जागेत स्कूटरी लावायच्या होत्या, म्हणून तिथे हिंडणाऱ्या कोंबड्या शेडमधल्या जाळीच्या पिंजऱ्यांत गेल्या. अंडी वाढली, स्वस्तही झाली. पण हिम्मतरावांच्या बायकोने, भामाबाईंनी, त्या दिवसापासून शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. कोंबडीला जिथे पंख पसरता येत नाहीत तिथे मी कशाला येऊ, एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. धंदा जोरात होता, पण त्या अबोल्याने हिम्मतरावांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अशात पुण्याहून राहायला आलेल्या वंदनाने कॉलनीच्या सभेत ठराव मांडला, की स्कूटरी रस्त्यावर लावा आणि जागा कोंबड्यांना परत द्या. अंडी थोडी महागतील, महागू द्या. हिम्मतरावांना वाटलं, ही पोरगी देवासारखी धावून आली.

आता गंमत बघा. या कॉलनीत अंडं कुणीच खात नाही. निदान सगळे तसं सांगतात तरी. सुशीलाबाई अंडी नेतात त्या केसांना लावायला, आणि अंबाडा बघाल तर सुपारीएवढा. शिवराज नेतो कुत्र्यासाठी. तो कुत्रा आजवर कुणाच्या नजरेस पडलेला नाही. अध्यक्ष एकनाथरावांची पिशवी तर मागच्या दाराने, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून जाते. मग महागाईच्या नावाने बोंब मारणार कोण? तोंड उघडलं की पकडलाच! हात वर करा म्हटल्यावर झाडून सगळ्यांनी हात वर केले. सुशीलाबाईंनी मुक्या जिवांसाठी डोळ्याला पदरसुद्धा लावला.

एकनाथरावांचा चेहरा मात्र उतरला. रोजचं आम्लेट डोळ्यांसमोर आलं असणार, दुसरं काय! त्यांनी घसा खाकरला आणि लोकशाहीवर भाषण ठोकलं. भिडेखातर हात वर करणं नक्को, मतदान गुप्तच पाहिजे, घराला एक मत. सगळ्यांनी लगेच मान डोलावली. पडद्यामागे घागर ठेवली, शेजारी दोन ताटं. पिंजरे उघडायचे तर चिंचोका टाकायचा, ठेवायचे तर हरभरा.

घागर पालथी केली आणि काय सांगू, नुसते हरभरे. उसळ करून सभेला वाढता आली असती. त्यात एकच चिंचोका होता, आणि तो कुणाचा हे हिम्मतरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वंदनाकडे पाहिलं. ती नखं बघत होती. तिच्या नवऱ्याने, उदयने, परवाच नवी गाडी बुक केली होती, ती काय रस्त्यावर उभी करणार?

सभा सुटली तसे लोक हिम्मतरावांना एकेक करून बाजूला घ्यायला लागले. शिवराज कानाशी लागून म्हणाला, ते एक मत आपलं हां काका. सुशीलाबाईंनी तेच सांगितलं, शपथेवर. वंदनाने तर हात धरून सांगितलं. शेवटी एकनाथराव आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, कुणाला बोलू नका, पण जिवाला राहवलं नाही. हिम्मतरावांनी सगळ्यांचे आभार मानले. दुसरं करणार काय, उद्या गिऱ्हाईक तेच.

मनात मात्र ते खूश होते. ठराव पडला तर पडला, भामेला सांगायला एक गोष्ट तरी मिळाली. जवळजवळ पळतच ते घरी गेले.

भामाबाई तांदूळ निवडत होत्या. हिम्मतराव चपलासुद्धा न काढता समोर जाऊन बसले.

"भामा, कोंबड्यांच्या बाजूने एक मत पडलं. ते माझं होतं."

भामाबाईंनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. हिम्मतरावांना भरून आलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुशीलाबाई सांगून गेल्या, त्यांचं होतं. त्याआधी शिवराज. आता तुमचं."

आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.